नवख्या शेतकऱ्यांचा वाटाड्या : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी नांगराला हात लावलेला नाही, असे तरुण शेती हा व्यवसाय म्हणून पत्करू लागले आहेत, हे आपल्या समाजात आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. अशा तरुणाविषयी वडीलधाऱ्यांत बोलणे निघाले म्हणजे त्याच्या भांडवलाची, विहिरीच्या पाण्याची, बियाण्याची आणि कर्जाची चौकशी होते. ती योग्यच आहे. परंतु त्याला पहिली दोन-चार वर्षे हाताशी धरणारे कोण आहे, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. आणि नवा माणूस शेतीत टिकतो की उठून जातो, हे पुष्कळदा याच एका गोष्टीवर ठरते. या दृष्टीने जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या अमेरिकन कृषिशास्त्रज्ञाचे चरित्र पाहण्यासारखे आहे. श्रीमती वीणा गवाणकर यांचे कार्व्हरांवरील पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाल्यापासून हे नाव मराठी घराघरांत पोचले आहे, आणि भुईमुगापासून शेकडो पदार्थ बनविणारा संशोधक म्हणून ते सर्वांस परिचित आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगशाळेत फारसे न रेंगाळता, जमिनीवर नव्याने उभ्या राहिलेल्या हजारो माणसांना त्यांनी शेतकरी कसे केले, हे पाहावयाचे आहे.

कार्व्हरांचा जन्म इ. स. १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यातील डायमंड या खेड्याजवळ, मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याच्या वाडीवर झाला. त्यांची आई मेरी ही त्या शेतकऱ्याची गुलाम. यादवी युद्धाचा धामधुमीचा काळ होता. लुटारूंच्या एका टोळीने मेरीला व तिच्या तान्ह्या मुलाला पळवून नेले. मोझेसने माणूस पाठविला. मूल परत मिळाले, त्याच्या मोबदल्यात एक घोडा द्यावा लागला, आणि आईचा ठावठिकाणा पुढे कधीच लागला नाही. मोझेस व त्याची पत्नी सूझन यांनी जॉर्ज व त्याचा थोरला भाऊ जिम यांना वाढविले. जॉर्ज प्रकृतीने अगदीच तोळामासा. शेतातील जड काम त्याच्याने होईना, म्हणून तो घरात स्वयंपाक, धुणे, शिवणटिपण शिकला आणि उरलेला वेळ रानातली रोपे आणून लावण्यात घालवू लागला. आजारी झाडे त्याच्या हातून बरी होतात, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती झाली. धुण्याभांड्यांची हीच कामे करीत पुढे त्याने आपल्या शिक्षणाचा सर्व खर्च भागविला.

जवळची शाळा कृष्णवर्णी मुलांना घेत नसे. म्हणून हा मुलगा निओशो गावी गेला, तेथून कॅन्सस राज्यात गावोगाव हिंडत शिकला. १८७९ साली फोर्ट स्कॉट येथे जमावाने एका कृष्णवर्णी माणसाचा केलेला वध त्याने डोळ्यांनी पाहिला आणि ते गाव सोडले. पुढे हायलंड येथील महाविद्यालयाने त्याचा अर्ज टपालाने मंजूर केला होता. तो प्रत्यक्ष दारात उभा राहिला तेव्हा त्याचा वर्ण पाहून त्याला परत पाठविण्यात आले.

या आघातानंतरचा काळ चरित्रकार बहुधा दोन ओळींत उरकतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तोच महत्त्वाचा आहे. १८८६ साली कार्व्हर पश्चिम कॅन्ससमधील नेस परगण्यात बीलर गावाजवळ गेले. सरकार त्या काळी वसाहतीसाठी १६० एकरांचे तुकडे देत असे. तसा एक तुकडा त्यांनी धरला. त्या माळावर ना झाड, ना दगड. गवताच्या मुळ्यांनी घट्ट बांधलेल्या मातीची ढेकळे विटांसारखी रचून त्यांनी एका खोलीचे घर उभारले. बैल-घोडा नव्हता, १७ एकर जमीन त्यांनी हातांनी उकरून काढली. मका लावला, भाजीपाला लावला, फळझाडे लावली. पोटासाठी शेजारच्या पशुपालकाकडे मजुरी केली. बँकेकडून ३०० डॉलरचे कर्ज काढले, आणि दोन-तीन वर्षांतच तो माळ सोडून ते निघून गेले. म्हणजे पुढे ज्याने हजारोंना शेती शिकविली, तो स्वतः नवखा शेतकरी म्हणून टिकू शकला नव्हता. पाऊस न आलेल्या वर्षी शेजाऱ्याच्या दारात जाताना माणसाची मान कशी खाली जाते, कर्जाचा हप्ता जवळ आला की झोप कशी उडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे अलाबामात त्यांच्या तोंडी नवख्याची थट्टा कधी आली नाही, याचे मूळ या माळावर असावे, असे मला वाटते.

तेथून ते आयोवा राज्यात आले. १८९० साली सिम्प्सन महाविद्यालयात चित्रकला शिकू लागले. चित्रे उत्तम काढीत. परंतु त्यांच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांची झाडांविषयीची जाण ओळखली. त्यांचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे अध्यापक होते. बाईंच्या आग्रहावरून कार्व्हर १८९१ मध्ये एम्सला दाखल झाले. त्या संस्थेतील ते पहिले कृष्णवर्णी विद्यार्थी होत. १८९४ मध्ये ते पदवीधर झाले, १८९६ मध्ये त्यांनी उच्च पदवी मिळविली आणि मधल्या काळात तेथेच अध्यापनही केले. वनस्पतींवरील बुरशीरोगांच्या अभ्यासात त्यांचे नाव होऊ लागले होते. तेथेच राहिले असते तर एक विद्वान अध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य सुखात गेले असते.

परंतु १८९६ साली अलाबामातील टस्कीगी येथून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. वॉशिंग्टन हेही गुलामगिरीत जन्मलेले. १८८१ साली त्यांनी टस्कीगीची शाळा काढली होती; विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून तिच्या इमारती बांधल्या होत्या. तेथे शेतीचा विभाग उभारावयाचा होता. वर्षाला १००० डॉलर वेतनावर कार्व्हर गेले, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे ४६ वर्षांहून अधिक काळ, तेथेच राहिले.

तेथील शेतकऱ्यांची अवस्था आपल्या वाचकांना समजावयास कठीण नाही. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. माणसे मुक्त झाली, पण जमीन कोणास मिळाली नाही. यांपैकी पुष्कळांनी किंवा त्यांच्या आईबापांनी जन्मभर कापूस वेचला होता, तथापि कोणते पीक कोठे घ्यावे, बी कधी राखावे, जनावर कसे निवडावे, हिशेब कसा ठेवावा, यांतील एकही निर्णय त्यांना कधी घेऊ दिलेला नव्हता. शेतात राबणे निराळे आणि शेती करणे निराळे. या अर्थाने ती सर्व माणसे शेतीव्यवसायात नवखीच होती. बहुतेक जण वाट्याने जमीन कसणारी कुळे. दुकानदार-सावकार वसंत ऋतूत पीठ, मांस व बियाणे उधार देई, त्यापोटी उभे पीक आधीच लिहून घेई आणि पीक म्हणजे कापूसच पाहिजे असे बजावून सांगे. कापूस घराच्या उंबऱ्यापर्यंत पेरला जाई; परसात भाजीचा वाफासुद्धा नसे. वर्षानुवर्षे एकच पीक घेऊन जमीन निःसत्त्व झालेली, पावसाने घळी पडलेल्या. वर्षअखेर हिशेब झाला म्हणजे कुळाकडेच येणे निघे.

एम्सहून आलेल्या या अध्यापकाला प्रयोगशाळा म्हणून काहीच मिळाले नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेतले, गावातील उकिरडे धुंडाळले. फुटक्या बाटल्या, जुनी भांडी, तारा, डबे गोळा केले. बाटल्यांची मापे झाली, शाईच्या दौतीचा दिवा झाला. ही हकीकत सर्वत्र काटकसरीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिचा खरा उपयोग निराळाच झाला. ज्या विद्यार्थ्याने उकिरड्यातून उपकरण उचलले, त्याला साधने नाहीत म्हणून काम अडले, ही सबब पुढे आपल्या गावी जाऊन देता आली नाही. आणि ज्या शेतकऱ्याने ती प्रयोगशाळा पाहिली, त्याला हा शिकलेला माणूस आपल्यापासून फार उंचावर बसलेला आहे, असे वाटले नाही.

१८९७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने टस्कीगीस एक प्रयोगक्षेत्र मंजूर केले व वर्षाला १५०० डॉलर दिले. गोऱ्यांच्या कृषी संस्थांना मिळणाऱ्या रकमांपुढे ही रक्कम क्षुल्लक होती. निवडलेली जमीन वाळूमिश्रित, घळी पडलेली, कोणीही नको म्हणावी अशी. कार्व्हरांनी तिच्यावर विकतची भारी खते ओतून एका वर्षात चमत्कार करून दाखविला नाही. त्यांनी दलदलीतील काळा गाळ आणविला, रानातील पालापाचोळा गोळा करविला, गोठ्यातील खत घातले, खोल नांगरट केली, उतारावर आडवे बांध धरले. चवळीसारखी शेंगवर्गीय पिके घेऊन जमिनीचा बेवड सुधारला. कारण या पिकांच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीला मिळवून देतात. काही वर्षांत त्याच जमिनीत रताळी, भाजीपाला आणि शेवटी कापूससुद्धा आजूबाजूच्या शेतांहून चांगला येऊ लागला. निःसत्त्व जमीन कशी सुधारावी, यावर त्यांची पत्रिका १९०५ साली निघाली. म्हणजे सांगण्यापूर्वी सुमारे आठ वर्षे ते करीत होते. उतावीळ उपदेशकांच्या जगात हा संयम दुर्मिळ आहे.

त्यांच्या पत्रिका हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १८९८ पासून त्यांनी चाळीसहून अधिक पत्रिका काढल्या, त्यांतली पहिलीच ओकच्या झाडाची फळे जनावरांना खाऊ घालण्याविषयी होती. विद्वत्सभेत हा विषय हास्यास्पद ठरला असता. परंतु ज्याच्याजवळ डुकरांना घालावयास धान्य नाही, त्याच्या दारामागच्या रानात ही फळे फुकट कुजत पडलेली असतात, हे ज्याने पाहिले त्यालाच असा विषय सुचतो. नवख्या माणसाजवळ काय नाही याची यादी कोणीही करील. त्याच्याजवळ काय आहे हे त्याच्या डोळ्यांसमोर धरणारा विरळा. पुढे परगण्यातीलच रंगीत मातीपासून घरांना लावण्याचे रंग कसे करावेत, हेही त्यांनी छापले. आणि कुडाची काळवंडलेली घरे पांढरी, पिवळी, निळी दिसू लागली. आपल्या पत्रिका शेतकऱ्याला, शिक्षकाला आणि गृहिणीला अशा तिघांनाही उपयोगी पडाव्यात, असे त्यांचे धोरण होते. लागवड कशी करावी हे एकीकडे, तर पिकलेले कसे शिजवावे, वाळवावे, टिकवावे हे दुसरीकडे. घरातील बाईला न पटलेले पीक दुसऱ्या वर्षी शेतात दिसत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. स्वतः स्वयंपाक करून शिकलेल्या माणसाला ते कळणे स्वाभाविकही होते.

दर महिन्यास शेतकऱ्यांचा मेळावा भरे. त्यात कार्व्हर व्याख्यान देत. परंतु व्याख्यानाइतकेच महत्त्व शेतकऱ्यांनी स्वतः उठून बोलण्याला असे. कोणी आपला कांदा आणी, कोणी रताळे. कसे आले ते सांगे. नंतर सर्वांना प्रयोगक्षेत्रात नेऊन बरे आणि वाईट असे दोन्ही वाफे दाखवीत. एम्समधील त्यांचे जुने गुरू जेम्स विल्सन हे १८९७ पासून अमेरिकेचे कृषिमंत्री होते. त्यांच्या खात्याकडून बियाणे मिळवून ते लहान पुड्यांनी वाटीत. पुडी लहान असल्यामुळे ते बी परसातच लागे. बिघडले तरी कुळाचे वर्ष बुडत नसे, आणि साधले तर शेजारी कुंपणावरून पाहत असे.

भूमिहीनांना त्यांनी मांडून दाखविलेला एक हिशेब तर ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कामाच्या प्रत्येक दिवशी पाच सेंट बाजूला टाकले, तर वर्षाच्या ३१३ दिवसांत १५ डॉलर ६५ सेंट होतात. त्या भागात हलकी जमीन पाच डॉलर एकराने मिळत असे. म्हणजे वर्षाअखेर तीन एकर जमीन आणि वर ६५ सेंट शिल्लक. तीन एकरांत संसार भागत नाही, हे कार्व्हरांना कळत नव्हते असे नाही. तथापि ज्याने वर्षअखेरीस आपल्या नावे बाकी निघण्यापलीकडे काही पाहिले नव्हते, त्याला जमीन ही मोजता येण्याजोग्या अंतरावर आहे, एवढे तरी त्या आकड्यांनी दिसले.

मेळाव्याला येणारे मुळातच थोडे धीट असत. जे लाजत, ज्यांच्याकडे अंगावर घालावयास धड कपडा नसे किंवा ज्यांना दिवसाची मजुरी सोडवत नसे, ते येत नसत. म्हणून कार्व्हर सुटीच्या दिवशी गाडीत अवजारे घालून स्वतः वस्त्यांवर जाऊ लागले. यातूनच फिरत्या शाळेची कल्पना निघाली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसे दिले, टस्कीगीच्या विद्यार्थ्यांनी गाडी बांधली, आणि १९०६ च्या मे महिन्यात ती जेसप गाडी रस्त्यावर आली. तिच्यात नांगर, कोळपे, बी-बियाणे, खतांचे नमुने, लोणी काढण्याचे यंत्र, दूध तपासण्याचे साधन असे सर्व काही असे. गाडी एखाद्या शेतावर थांबे, भोवतालची माणसे जमत, आणि त्याच शेतकऱ्याच्या जमिनीत, त्याच्याच जनावराला जुंपून नांगरट करून दाखविली जाई. परक्याच्या सुपीक वावरात पाहिलेली गोष्ट नवख्याला खरी वाटत नाही; आपल्या बांधाच्या आत घडलेली नाकारताही येत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ही गाडी टॉमस मनरो कॅम्बेल या तरुणाच्या हाती सोपविण्यात आली. कॅम्बेल हा जॉर्जियातील एका गरीब कुटुंबातला, टस्कीगीत शिकून तयार झालेला विद्यार्थी. संयुक्त संस्थानांच्या कृषिखात्याने नेमलेला तो पहिला कृष्णवर्णी शेतकी प्रचारक होय. कल्पना कार्व्हरांची, परंतु गाडीवरील आसन त्यांनी शिष्याला दिले आणि आपण मागे राहून नकाशे, तक्ते व सामग्री पुरवीत राहिले. आपण काढलेले काम दुसऱ्याच्या नावाने चाललेले पाहणे पुष्कळ कर्त्या माणसांना सोसत नाही. पुढे घोड्या-खेचरांच्या गाडीऐवजी मोटार आली, तिच्यात परिचारिका व गृहशिक्षिकाही बसू लागल्या.

इकडे कापसावर मोठे संकट येत होते. मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्ससमध्ये शिरलेला सोंडेकिडा पूर्वेकडे सरकत १९१० मध्ये अलाबामात पोचला. (आपल्या विदर्भातील शेतकऱ्यास गांजणारी बोंडअळी ती ही नव्हे, धान्यात पडणाऱ्या सोंड्याच्या कुळातला हा भुंगेरा, तो कोवळ्या बोंडांत अंडी घालतो.) ज्यांचे सर्वस्व कापसावर होते ते उघडे पडले. ज्यांनी कार्व्हरांचे ऐकून भुईमूग, रताळी, चवळी यांचा फेरपालट धरला होता, त्यांच्या घरी निदान खावयास होते. १९१६ मध्ये भुईमुगाची लागवड व तो खाण्याचे १०५ प्रकार सांगणारी त्यांची सुप्रसिद्ध पत्रिका निघाली. नवे पीक घ्या असे सांगणाऱ्याने, ते पिकल्यावर त्याचे काय करावयाचे हेही सांगितले पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. त्यांचे सर्व भुईमूग-संशोधन या एका जबाबदारीतून निघाले आहे. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधून काढले असे जे सांगण्यात येते ते बरोबर नाही. ती कृती त्यापूर्वीच इतरांनी नोंदविली होती. त्यांच्या नावे एकस्वे तीनच, आणि त्यांच्या शेकडो पदार्थांपैकी बाजारात टिकले ते फार थोडे. म्हणून त्यांचे मोठेपण यत्किंचितही उणावत नाही. मात्र ते कोठे शोधावयाचे याविषयी आपली दृष्टी बदलते.

येथे त्यांच्या स्वभावातील एका उणिवेचाही उल्लेख केला पाहिजे, कारण चरित्र म्हणजे आरती नव्हे. कार्व्हर हे चांगले व्यवस्थापक नव्हते. विभागाचा कारभार, नोंदी, समित्यांची कामे यांचा त्यांना कंटाळा. संस्थेच्या कुक्कुटशाळेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. कोंबड्या मरत गेल्या, आणि १९०४ मध्ये चौकशी होऊन त्यांच्या अहवालांतील आकडे फुगविलेले ठरले. बुकर वॉशिंग्टन शिस्तीचे कडक. दोघांत वारंवार खटके उडत, कार्व्हर राजीनाम्याची भाषा करीत. त्यांचे सहकारी जॉर्ज ब्रिजफोर्थ हे कर्तबगार पण करड्या वृत्तीचे गृहस्थ. त्यांच्याशी तर वर्षानुवर्षे वितुष्ट चालले. अखेर १९१० मध्ये शेतीच्या कारभाराची सूत्रे ब्रिजफोर्थांकडे गेली आणि कार्व्हरांसाठी संशोधनाचा स्वतंत्र विभाग करण्यात आला. त्यांना तो अपमान वाटला. परंतु संस्थेच्या दृष्टीने पाहता ती योजना शहाणपणाची होती. कारभार चालविणे आणि नवख्याला मार्गी लावणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. दोन्ही एकाच माणसात असतील अशी अपेक्षा ठेवून पुष्कळ संस्था उत्तम शिक्षकाला कचेरीच्या खुर्चीत बसवितात आणि दोहोंसही मुकतात.

त्यांचे काम सुरक्षिततेत चालले होते, असेही कोणी समजू नये. १९०२ साली अलाबामातील रॅमर या गावी कृष्णवर्णी मुलांची शाळा पाहण्यास ते गेले असता, बरोबरच्या एका गोऱ्या छायाचित्रकार बाईंना तेथील कृष्णवर्णी शिक्षकाच्या गाडीतून रात्री आणल्याचे निमित्त होऊन जमाव खवळला. शिक्षकाला जीव घेऊन पळावे लागले आणि कार्व्हर रात्रभर पायी चालून कसेबसे बाहेर पडले. अशा प्रदेशात त्यांनी चार तपे काम केले. त्यांनी वर्णभेदाविरुद्ध उघड झुंज दिली नाही, याबद्दल त्यांच्या काळीही त्यांना दूषणे देण्यात आली. त्या दूषणांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. जमीनमालक कापसावाचून दुसरे पीक घेऊ देत नसेल, तर उत्तम पत्रिकासुद्धा कुळाच्या काय कामाची? जमीन सुधारली की वाटा वाढवून मागणारे किंवा कुळालाच काढून लावणारे मालक होते. कार्व्हरांच्या शिकवणीने माती बदलली, कूळकायदा बदलला नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लाखो कृष्णवर्णी लोक दक्षिणेतील शेती सोडून उत्तरेकडील कारखान्यांत जाऊ लागले, ते त्यांना थांबविता आले नाहीत. नव्या माणसाच्या अंगी कितीही गुण आणा, त्याच्या पायाखालची जमीन त्याची नसेल तर गुण किती पुरे पडणार, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात शेवटपर्यंत अनुत्तरितच राहतो.

असो. विद्यार्थ्यांवर त्यांचा जीव होता. लग्न त्यांनी केले नाही. वसतिगृहातील दोन खोल्यांत राहत, पहाटे रानात जाऊन नमुने गोळा करीत आणि तेच दिवसाच्या पाठाला वापरीत. रविवारी संध्याकाळी त्यांच्या धर्मवर्गास मुले आपखुशीने गर्दी करीत. शिकून गेलेली मुले पत्रे लिहीत. नोकरी लागली, पीक बुडाले, मन खचले, सर्व काही लिहीत, आणि त्यांना हाताने लिहिलेली उत्तरे जात. एम्समध्ये असताना एका सहकाऱ्याच्या पाचसहा वर्षांच्या मुलाला ते आपल्याबरोबर रानात फिरावयास नेत आणि फुलांचे भाग, गवतांच्या जाती ओळखावयास शिकवीत. तो मुलगा हेन्री वॉलेस. तो पुढे मक्याच्या संकरित वाणांचा मोठा पुरस्कर्ता झाला, १९३३ मध्ये अमेरिकेचा कृषिमंत्री आणि १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाला. आपल्या देशाशीही कार्व्हरांचा संबंध आला होता. गांधीजींचे स्नेही दीनबंधू अँड्र्यूज टस्कीगीस जाऊन त्यांना भेटले होते. गांधीजींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला आणि त्यांनी आपल्या पत्रिका व आहारविषयक सूचना हिंदुस्थानात पाठविल्या.

१९२१ मध्ये भुईमुगावरील आयातकराच्या प्रश्नी अमेरिकेच्या विधिमंडळाच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. दहा मिनिटांसाठी बोलाविलेल्या या माणसाचे सभासद पुष्कळ वेळ ऐकत राहिले आणि त्यांचे नाव देशभर झाले. पदके, मानपत्रे, हेन्री फोर्डची मैत्री हे सर्व त्यानंतरचे आहे. पैशाकडे त्यांचे लक्ष नसे. साठलेली पुंजी, सुमारे ६०,००० डॉलर, त्यांनी टस्कीगीतील संशोधन-निधीस दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद झाले त्या बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांची समाधी आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्या जन्मस्थानास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला.

जेसप गाडीवरचा तो तरुण, कॅम्बेल, तोवर साठीला पोचला होता. दक्षिणेतील अनेक राज्यांत कृष्णवर्णी शेतकी प्रचारकांची फळी त्याने उभी केली होती, आणि फिरत्या शाळेचा इतिहास सांगणारे त्याचे पुस्तक १९३६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. गुरूच्या निधनानंतर एक-दोन वर्षांतच तो दोघा सहकाऱ्यांबरोबर पश्चिम आफ्रिका व बेल्जियन काँगो येथे गेला. तेथील खेड्यांतील शेती आणि शिक्षण यांची पाहणी करून त्या तिघांनी लिहिलेला ग्रंथ १९४५ मध्ये छापून निघाला.